कपारीखालची वाट

"आई, मला लग्न करायचंय," सून म्हणाली, तेव्हा सासूच्या हातात पिठाचा गोळा होता आणि भट्टीत सकाळचे शेवटचे पाव फुगत होते.

सासूने गोळा खाली ठेवला नाही. आणखी दोनदा वळला, ट्रेमध्ये नीट बसवला आणि पुढचा उचलला. वरच्या गावात तिला सगळे बेकरीवाल्या काकू म्हणत. काकूंचा हात कधी थांबत नाही, अशी त्यांची ख्याती होती. नवरा गेला तेव्हाही तो थांबला नव्हता. तीन वर्षांपूर्वी एकुलता एक मुलगा मूत्रपिंडाच्या आजाराने गेला, तेव्हा मात्र थांबला. भट्टी थंड पडली, दुकानाची फळी उघडेना. मग या सुनेनेच एका पहाटे भट्टी पेटवली आणि काकूंच्या उशाशी येऊन म्हणाली, "आई, पीठ भिजवलंय. पाणी जास्त झालंय बहुतेक. जरा बघता का?" पीठ खरोखरच लापशीसारखं झालं होतं. ते सावरायला काकू जे उठल्या, ते आजपर्यंत.

"कोणाशी?" काकूंनी विचारलं.

"खालच्या गावातले पंपवाले. गेल्या वर्षी आपली मोटर दुरुस्त करायला आले होते ते."

काकूंना तो आठवला. उंच, खांद्यात जरा वाकलेला, कोपरापर्यंत ग्रीस. भट्टीतून काढलेला पाव घाईने तोंडात टाकून त्याने जीभ भाजून घेतली होती आणि तरी दुसरा मागितला होता. तेव्हा काकूच खदखदून हसल्या होत्या. म्हणजे मांजर आपल्याच दारातून आत आलं, आणि बशीत दूधही आपणच ओतलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"चाललंय असं काही नाही. बोलतो आम्ही."

"का, गावात बोलायला माणसं कमी पडली?"

सून रिकामे ट्रे एकावर एक रचू लागली.

"राहणार कुठे?"

"त्यांचं घर आहे खालच्या गावात."

"आणि ठकी?"

ठकी म्हणजे नात. सात वर्षांची, नुकतीच दप्तर घेऊन शाळेत गेलेली.

"ठकी माझ्याबरोबर असेल ना, आई. दुसरीकडे कुठे असणार?"

काकूंनी शेवटचे ट्रे भट्टीतून काढले, निखारे मागे लोटले आणि हात कोपरापर्यंत धुतले. "चल," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"खालच्या गावात. मला त्या माणसाच्या तोंडावर दोन शब्द बोलायचेत."

कोणते दोन शब्द ते सुनेने विचारलं नाही. तेवढं तिला कळत होतं.

ठकी शाळेतून आली की तिच्याकडे बघा, असं शेजारच्या शिंपीणबाईंना सांगून दोघी निघाल्या. सून बसथांब्याकडे वळली, तशा काकू म्हणाल्या, "बसमध्ये अख्खं गाव कान टवकारून बसलेलं असतं. नदीने जाऊ."

दोन्ही गावं एकाच नदीच्या काठावर. मोटारीचा रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, पण पायवाट नदीचं बोट धरून चालते. गावातल्या शेवटच्या घरामागून ती उतरते, लव्हाळ्यातून जाते, मग मेंढ्यांच्या कुरणाचं कुंपण ओलांडते. पाऊस संपून आठवडा झाला होता. वरचं धरण काठोकाठ भरलेलं, आणि नदी अजून गढूळच होती. काकू पुढे, सून मागे. काकूंच्या चालीवरूनच कळत होतं की त्या मनातल्या मनात भांडण घोळवताहेत. मधूनच त्यांचा हात उडे, मधूनच मान हले.

कुरण संपलं तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"तीन वर्षं," मागे न बघता त्या म्हणाल्या. "बस? दुःखाला तारीख घालून दिली होतीस का?"

"तारीख नव्हती, म्हणून तर थांबले," सून म्हणाली. "आता पुरे, असं कोणी सांगतच नव्हतं."

"मी सांगायला हवं होतं?"

"तुम्हाला तरी कोणी सांगितलंय, आई?"

काकूंना हे झोंबलं. त्यांनी पाय उचलला. पुढे वाटेला दोन फाटे फुटतात. एक फाटा टेकाडावर चढून पलीकडे उतरतो. लांबचा, पण कोरडा. दुसरा खालून, कातळाच्या कपारीखालून, पाण्याला लागून जातो. उन्हाळ्यात गुराखी तिथे सावलीला बसतात. पावसानंतर महिनाभर तिकडे कोणी फिरकत नाही.

"वरून जाऊ, आई. खाली ओल असेल."

"तुलाच घाई आहे ना? मग जवळचीच वाट बरी."

"आई, ऐका माझं."

"आजवर तुझंच ऐकत आले," काकू म्हणाल्या आणि कपारीच्या वाटेला लागल्या.

वाट जेमतेम एका माणसाची. डाव्या हाताला पाझरणारा कातळ, उजव्या हाताला माणूसभर खाली नदीकाठचे धोंडे आणि त्यांच्यात खळाळणारं पाणी. मध्यावर माती शेवाळून बुळबुळीत झाली होती. सुनेने मागून हात पुढे केला. "धरा."

काकूंनी तो झटकला. "मी या वाटेने चालायला लागले तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता."

हे वाक्य पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत त्यांच्या उजव्या पायाखालची कड सुटली. आवाज फार झाला नाही. ओला पाव मोडावा तसा मातीचा लगदा निखळला. काकूंचा तोल गेला, आणि त्याच क्षणी मागून कोणीतरी त्यांना दोन्ही हातांनी कातळाकडे ढकललं. कपाळ दगडावर आपटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा सून वाटेवर नव्हती.

"अगं!"

खालून धोंडे गडगडल्याचा आवाज आला, मग एक किंकाळी, मग नुसतं पाणी.

कातळाला धरधरून काकू बसत-घसरत खाली उतरल्या. सून काठालगतच्या धोंड्यांमध्ये अर्धवट आडवी पडली होती. चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे. डावा पाय गुडघ्याखाली दिसतच नव्हता. दाराच्या फळीएवढा एक चपटा दगड मातीबरोबर घसरत येऊन त्यावर बसला होता. पाणी तिच्या मांडीला लागत होतं.

"लागलं कुठे? डोक्याला? कुठे गं?"

"पाय. निघत नाहीये."

काकूंनी दगडाला दोन्ही हात घातले. तो हलण्याचं नावही घेईना. पुरात वाहून आलेलं एक लाकूड खाली घालून त्यांनी सगळा भार टाकला. लाकूड कुजकं होतं, काटकन मोडलं. तुकडा पाण्यात पडला आणि बघता बघता दूर गेला. सुनेचा मोबाईल पडताना नदीत गेला होता. काकूंचा बेकरीत, खुंटीवरच्या पिशवीत.

"थांब. मी खणते. खालून माती काढते," काकू म्हणाल्या आणि बोटांनी गाळ उकरू लागल्या. एक मूठ काढली की दोन मुठी आत येत.

तेवढ्यात भोंगा वाजला.

लांबून, डोंगराच्या वरच्या अंगाने, गाईच्या हंबरण्यासारखा लांबलचक. काकूंचे हात थांबले. नदीकाठच्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. धरणाचे दरवाजे उघडताहेत. जनावरं काढा, माणसं वर या. ते पाणी भिंतीसारखं अंगावर येत नाही. चोरपावलांनी चढतं, पण थांबत नाही.

"जा, आई."

"तुला टाकून?"

"इथे बसून काय करणार? पाण्याला शिव्या देणार?" सुनेने हसायचा प्रयत्न केला. "पुढच्या वळणावर पंपघर आहे. दुपारचे ते तिथेच असतात."

तो दुपारचा कुठे असतो हे हिला ठाऊक. काकूंच्या मनात हे आलं आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःचीच शरम वाटली. त्यांनी अंगावरची शाल काढून सुनेच्या खांद्यांभोवती गुंडाळली. ओल्यात तिचा काय उपयोग होणार होता कोण जाणे. पण काहीच न करता पाय निघेना.

"आई," सून म्हणाली, "आत्ता रागावू नका. नंतर रागवा."

"गप्प बस," काकू म्हणाल्या. "मी आलेच."

चपला त्यांनी तिथेच काढून टाकल्या. वर्षानुवर्षं भट्टीपुढे उभं राहून त्यांचे गुडघे निकामी झाले होते. दुकानाच्या दोन पायऱ्या चढतानासुद्धा त्या चौकटीला धरत. त्याच गुडघ्यांनी त्या आता कपारीखालून पुढे निघाल्या, अर्ध्या चालत, अर्ध्या रांगत. एका ठिकाणी वाटच नव्हती, तिथे कातळाला पोट लावून सरकल्या. पुढे लव्हाळं लागलं. त्यात पाय अडकून पालथ्या पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या. तोंडात चिखल गेला. श्वास भात्यासारखा चालला होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर एकच गोष्ट मनात येत होती. ही वाट मी निवडली. ती नको म्हणत होती. ही वाट मी निवडली.

उजवीकडे नदी बदलू लागली होती. मघाशी उघडे दिसणारे खडक आता नुसते फेसाचे ठिपके झाले होते.

पंपघर म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली दगडी खोली. आतून मोटरीचा असा आवाज येत होता की कानठळ्या बसाव्यात. काकूंनी दार ढकललं. आत कोणी नव्हतं. जमिनीवर अवजारं पसरलेली, एका खुंटीवर सदरा, कोपऱ्यात जेवणाचा डबा.

"अहो पंपवाले!" त्या ओरडल्या. स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला नाही. "अहो! कोणी आहे का!"

त्या खोलीला वळसा घालून गेल्या. कोणी नाही. पाण्यात उतरणारा जाड पाइप, त्यापलीकडे झाडी. तो जेवायला घरी गेला असेल तर? गाव इथून आणखी बरंच लांब. काकू पुन्हा आत आल्या. भिंतीवर लोखंडी पेटी होती आणि तिच्या बाजूला लाल मुठीचा खटका. विजेच्या वस्तूंना त्या जन्मात हात लावत नसत. बेकरीतला दिवासुद्धा ठकी लावायची. त्यांनी ओला हात कपड्याला पुसला, डोळे मिटले आणि खटका खाली ओढला.

मोटर घरघरत बंद पडली. अचानक सगळीकडे शांतता.

"कोण आहे रे तो?" झाडीतून आवाज आला. "कोणी बंद केला पंप? हात तोडून ठेवीन!"

पंपवाला पाइपाच्या जाळीतला कचरा काढायला खाली उतरला होता. तो दात-ओठ खात वर आला आणि दारातल्या बाईकडे बघून जागीच थबकला. कपाळातून रक्त, केस सुटलेले, अंगभर चिखल. ओळखायला त्याला क्षणभर लागला.

"काकू? तुम्ही?"

"माझी सून," काकूंना धाप लागली होती. "कपारीखाली. पाय दगडाखाली अडकलाय. पाणी चढतंय."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो वळला आणि नुसताच धावत सुटला.

"अरे, हत्यारं घे!" काकू मागून कडाडल्या. "रिकाम्या हातांनी काय करणार आहेस?"

तो परत आला. पहार, दोरखंड, मोटर उचलायचा जॅक. जॅक इतका जड होता की त्याने तो छातीशी धरला. पहार काकूंनी उचलली. तो नको म्हणेपर्यंत त्या चालूही लागल्या होत्या. दमल्या होत्या, पण परतीची वाट त्यांना जाणवलीच नाही. समोर त्याची वाकलेली पाठ आणि कानांत पाणी, एवढंच त्यांना आठवतं.

सून दिसली तेव्हा पाणी तिच्या छातीपर्यंत आलं होतं. दोन्ही हातांनी तिने एका धोंड्याला मिठी मारली होती. शाल वाहून गेली होती.

"आलो," पंपवाला म्हणाला. "आलो, आलो, आलो." तो तेच म्हणत राहिला. दोरखंडाचं एक टोक त्याने तिच्या काखेखालून बांधलं, दुसरं कातळातून बाहेर आलेल्या झाडाच्या मुळाला. मग पाण्यात बसून चाचपडत दगडाची कड शोधली आणि जॅक खाली सरकवला. पाणी इतकं गढूळ की स्वतःचं मनगटही दिसत नव्हतं. त्याने दांडा मारायला सुरुवात केली. एकदा. दोनदा. दगड किंचित कण्हला.

आणि जॅक सटकला.

दगड पुन्हा बसला. सून अशी ओरडली की समोरच्या काठावरचे पक्षी उडाले.

पंपवाल्याने दांडा सोडला. तो चक्क रडत होता, मोठ्या माणसाने रडावं तसा नाही, पोरासारखा. "खाली गोटे आहेत, जॅकचं बूड टेकतच नाही. पुन्हा सटकलं तर हाड राहणार नाही तिचं. मला नाही जमणार, काकू."

"अहो, असं काय करता," सून दात आवळून म्हणाली. "मी रडत नाहीये, आणि तुम्ही?"

काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. याच माणसाला घालूनपाडून बोलायला आपण निघालो होतो. याच्यापुढे कसं उभं राहायचं, कुठून सुरुवात करायची, सगळं वाटेने ठरवलं होतं.

"रडायचं ते नंतर रड," त्या म्हणाल्या. "जॅकला काय हवं?"

"काय?"

"तो सटकू नये म्हणून काय हवं? पटकन सांग."

"खाली सपाट दगड. आणि वरून कोणीतरी बूड दाबून धरायला हवं. पण दगड खाली आला तर धरणाऱ्याची बोटं..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकू पाण्यात गुडघे टेकून बसल्या. पाणी हनुवटीला लागलं. त्यांनी तळाशी हात घालून गोटे बाजूला सारले. एक चपटा दगड हाताला लागला, तो रेटून बसवला, त्यावर जॅक ठेवला आणि दोन्ही पंजे त्याच्या बुडावर दाबले. दगडाची कड त्यांच्या मनगटांच्या अगदी वर होती. थंडगार.

"आई, हात काढा," सून म्हणाली. "आई, नका. हात गेले तर..."

"तुझी बडबड बंद कर. आणि तू, मार दांडा. हळू. मी सांगेन तेव्हा थांब."

तो मारू लागला. काकूंनी मान वर केली होती, तरी लाटेबरोबर पाणी नाकात जात होतं. हाताखाली जॅक थरथरला, एका अंगाला झुकला. त्यांनी सगळं वजन दुसऱ्या अंगाला टाकलं. "थांब." तो थांबला. "मार." दगड बोटभर उचलला. "पहार घाल फटीत." त्याने घातली. "मार." पुन्हा बोटभर. पाणी सुनेच्या गळ्याला लागलं. तिने डोळे मिटले होते आणि ती काहीतरी पुटपुटत होती. फार नंतर काकूंना कळलं की ती ठकीचे पाढे म्हणत होती.

"ओढ पाय!" काकू ओरडल्या. "ओढ गं!"

"सुटत नाही!"

"ओढ म्हणते ना!"

पंपवाल्याने एका हाताने पहारीवर भार टाकला आणि दुसऱ्या हाताने दोरखंड ओढला. काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. सून मागे फेकली गेली. काकूंनी हात काढले, आणि पुढच्याच श्वासाला जॅक कलंडला. दगड धप्पकन खाली बसला. त्याने उडवलेलं पाणी तिघांच्याही तोंडावर आलं.

 मग पंपवाल्याने सुनेला पाठीवर घेतलं आणि वर वाटेवर चढवलं. काकूंना दोराने ओढून घेतलं. त्या वर पोहोचल्या तेव्हा खालची जागा पाण्याखाली गेली होती.

पंपघरापाशी त्याचा टेंपो उभा होता. खालच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. नडगीचं हाड दोन जागी मोडलं होतं, पण पाय राहील म्हणाल्या. त्यांनी दोघांना बाहेर बसवलं. फरशी नुकतीच पुसली होती. काकूंच्या अनवाणी पावलांचे चिखलाचे ठसे दारापासून बाकापर्यंत उमटले होते. काकूंनी सर्वांत आधी पंपवाल्याला दवाखान्यातून शिंपीणबाईंना फोन लावायला लावला. ठकी पोहोचली होती, बिस्किटं खात होती, तिला अजून काही सांगू नका, असं काकूंनी बजावलं. मग त्या भिंतीला डोकं टेकून बसल्या. त्याने कुठूनतरी चहा आणला. त्याच्या एका पायात बूट नव्हता.

"काकू," तो म्हणाला, "टेंपोत ती म्हणाली, तुम्ही माझ्याकडेच निघाला होतात."

"हो."

"काय सांगायला?"

काकूंनी चहाचा घोट घेतला. खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. "नाही म्हणायला."

त्याने मान डोलावली. "बरं."

"बरं काय? भांडशील की नाही? काहीतरी म्हणशील की नाही?"

"तुमच्याशी? चालू पंपाचा खटका ओढलात तुम्ही. ओल्या हाताने. तुमच्याशी भांडायला मला वेड लागलंय का?"

काकूंना हसू आलं आणि त्याचा त्यांना राग आला. "ठकीला ठाऊक आहे?"

तो घुटमळला. "आहे."

"म्हणजे घरात मीच तेवढी बिनकामाची. सगळं गाव जागं आणि पाटील झोपेत."

"ती रोज म्हणायची, आजीला मी सांगते. आम्हीच थांबवलं. सांगितल्यावर आपण एकट्या पडणार असं तुम्हाला वाटेल, आणि..." तो अडखळला. "आणि तसं खरंच होईल. त्यावर मला काही सुचलेलं नाही, काकू. सुचलं असतं तर मीच आधी आलो असतो."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. गोड बोलून गळा कापणारा माणूस त्यांनी मनात धरला होता. हा तर गोडही बोलत नव्हता.

आत बोलावलं तेव्हा सुनेच्या पायाला प्लास्टर चढलं होतं. औषधाने तिचे डोळे जड झाले होते. तिने काकूंचे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. एका बोटाचं नख निघालं होतं, बाकी सगळं शाबूत होतं.

"सांगितलंत त्यांना?" तिने विचारलं.

"सांगितलं. नाही म्हटलं."

"अजूनही?"

काकूंनी पांघरूण तिच्या खांद्यापर्यंत ओढलं. "अजूनही तेच वाटतंय. पण मला वाटतं तसंच व्हायला हवं, असं आता वाटत नाही." मग त्या खाली बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांना रडू फुटलं. "वरून जाऊ म्हणत होतीस गं तू. मी ऐकलं नाही."

"रडायचं ते नंतर," सून झोपेतच म्हणाली.

लग्न हिवाळ्यात झालं, सरकारी कचेरीत, सह्या करून. सुनेच्या चालीत थोडी लचक राहिली होती. काकू गेल्या, साक्षीदार म्हणून सही केली, आणि संध्याकाळच्या आत बेकरीत परत आल्या. ठकी शाळेचे दिवस आजीकडे राहील आणि सुट्टीला आईकडे, असं ठरलं होतं, ठरवलं ठकीनेच. सून सकाळच्या पहिल्या बसने यायची आणि दुपारी जायची. तरी घरात रात्री एक अंथरूण कमी झालं होतं. ते घडी करून ठेवलेलं बघायला नको, म्हणून काकू कपाटाकडे पाठ करून झोपत. त्या खालच्या घरी मात्र गेल्या नाहीत. आज गुडघे दुखतात, उद्या मैदा यायचाय. बोलावणारे बोलावून थकले.

झाडांना नवी पालवी फुटली तेव्हा, ठकी सुट्टीला आईकडे गेलेली असताना, एका दुपारी त्या कोणाला न सांगता निघाल्या. टेकाडावरच्या वाटेने, तीनदा बसून, चौथ्यांदा स्वतःलाच शिव्या देऊन.

दार पंपवाल्याने उघडलं. सून आत कपडे वाळत घालत होती, ठकी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. कोणी काही बोलायच्या आत काकूंच्या कानावर आवाज आला. टप. टप. टप. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, आणि त्याखाली बादली ठेवली होती.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"कधीचा गळतोय," ठकी डोकं वर न करता म्हणाली. "बाबा म्हणतात रविवारी करू. सगळे रविवार संपले."

पंपवाला मान खाजवत उभा राहिला.

"अख्ख्या नदीचं पाणी वर चढवतोस आणि घरचा नळ गळतो?" काकूंनी पिशवी खाली ठेवली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आण तुझं पान्यांचं पुडकं. माझ्यासमोर कर. करशील तेव्हाच मी पाणी पिईन."

तो अवजारं आणायला गेला. सून दारात येऊन उभी राहिली. ओले कपडे तसेच खांद्यावर होते.

"राहाल ना आज, आई?"

काकूंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बसथांबा तिथून स्पष्ट दिसत होता, आणि शेवटच्या बसची माणसं अजून थांब्यावर उभी होती.

"बस गेली असेल आता," त्या म्हणाल्या आणि ठकीशेजारी जमिनीवर बसल्या.